खुर्ची पाहुण्याची, चर्चा मांडवाची

२६ ऑक्टोबर २०२५ ला क्वालालंपूरमध्ये तिमोर-लेस्ते हा देश आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, अकरावा सदस्य झाला. त्या दिवसाची एक छोटी चित्रफीत आमच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी टाकली. तिमोरचे ७९ वर्षांचे पंतप्रधान शनाना गुस्माओ, पाणावलेले डोळे, मागे टाळ्या. पहिला शेरा आला: "आपल्या नाशकात याहून जास्त माणसं राहतात. एवढ्याशा देशासाठी केवढा हा तामझाम!" दुसऱ्याने उत्तर दिलं, हा तामझाम काहीच नाही, आपल्याकडे २०२३ मध्ये जी-२० ही बड्या अर्थव्यवस्थांची परिषद भरली तेव्हाची भारत मंडपमची रोषणाई आठवा. तिसऱ्याने त्याच रोषणाईच्या वेळी झोपड्यांसमोर ताणलेल्या कापडाचा फोटो टाकला. मग दोन दिवस जुंपली. उधळपट्टी की अभिमान, दिखावा की मुत्सद्देगिरी. त्या दोन दिवसांत एकानेही विचारलं नाही, की तो म्हातारा रडत का होता?

माझी तक्रार नेमकी इथेच आहे. एखाद्या राष्ट्रसमूहात नवा देश दाखल होतो, त्याच्या स्वागताची शिखर परिषद भरते, झेंडे लागतात, सामुदायिक फोटो निघतो, आणि आपण सगळे वाद घालतो तो यजमानाबद्दल. त्याने किती उधळलं, त्याची किती वाहवा झाली. विरोध करणारे मांडवाच्या खर्चावर बोलतात, कौतुक करणारे मांडवाच्या शोभेवर. दोघांचीही नजर मांडवावरच. मला वाटतं, असा सोहळा तोलायचा तर तो येणाऱ्याच्या बाजूने तोलावा. दारात उभा असलेला देश किती वर्षं उभा होता, आत येण्याआधी त्याने आणि घरच्यांनी काय काय लिहून दिलं-घेतलं, आणि फुलं सुकल्यावर त्याच्या हाती काय उरलं. या मापाने पाहिलं तर काही अत्यंत झगमगीत सोहळे पोकळ निघतात आणि ज्यांना आपण थोतांड म्हणतो त्यातले काही चांगलेच भरीव ठरतात.

आधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२३ मध्ये जी-२० च्या बैठका देशभर झाल्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि शेजारी गोव्यातही पाहुणे येऊन गेले. मी राहतो तिथल्या पाहुण्यांच्या रस्त्यावर एका रात्रीत हिरवं कापड उभं राहिलं. त्या कापडामागे माझ्या ओळखीच्या इस्त्रीवाल्याची टपरी गेली. गिऱ्हाइकांना टपरी सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याने ब्लेडने कापडाला खिडकीएवढं भोक पाडलं, आणि त्यातून फक्त त्याचा हात बाहेर यायचा, हातात घडी घातलेले शर्ट. पाहुणे गेले, कापड उतरलं. पुढच्या पावसाळ्यात तेच कापड त्याच्या टपरीवर छप्पर म्हणून ताणलेलं होतं. म्हणजे सरकारी पैसा अगदीच वाया गेला नाही, असं म्हणायला हरकत नाही. गुरुग्राममध्ये तर रस्त्याकडेच्या कुंड्या आलिशान गाडीतून येऊन उचलून नेल्याची चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. पाहुण्यापासून घरातलं माणूस लपवावं लागतं, हा त्या घराचा कमीपणाच आहे. पण हे कापड यजमानाचं पाप झालं. त्यावरून पाहुण्याला दिलेली खुर्ची खोटी ठरत नाही. लग्नात मंडपवाल्याने बिल फुगवलं म्हणून लग्न रद्द होतं का?

आता त्या खुर्चीकडे येऊ. ९ सप्टेंबर २०२३ ची सकाळ, दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं भारत मंडपम, जी-२० ची शिखर परिषद. पंतप्रधान मोदींनी सुरुवातीलाच आफ्रिकन युनियनला कायम सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव मांडला, सगळ्यांची संमती गृहीत धरून हातोडा ठोकला आणि युनियनच्या अध्यक्षांना आपली जागा घ्यायला सांगितलं. परराष्ट्रमंत्री जयशंकर उठले, अझाली असुमानी यांच्याकडे गेले, त्यांना बरोबर घेऊन आले. मिठी झाली. असुमानी बसले. सगळा मिळून काही मिनिटांचा प्रकार. हे असुमानी कोमोरोसचे अध्यक्ष. कोमोरोस म्हणजे मोझांबिक आणि मादागास्कर यांच्या मधल्या समुद्रातली चिमुकली बेटं, वस्ती नऊ लाखांच्या आत. (खुद्द असुमानी १९९९ मध्ये पहिल्यांदा सत्तेवर आले ते लष्करी उठाव करून, हेही सांगून टाकतो, खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण संत असतो असं माझं म्हणणं नाही.) पण त्या दिवशी ते कोमोरोसचे म्हणून बसले नाहीत. ५५ देशांच्या संघटनेचे म्हणून बसले. तोपर्यंत त्या टेबलावर आफ्रिकेतून कायमचा सदस्य एकच होता, दक्षिण आफ्रिका. युरोपियन युनियनला मात्र जागा पहिल्यापासून.

ही जागा नुसती मानाची आहे का? जी-२० ने २०२० मध्ये कर्जात बुडालेल्या गरीब देशांसाठी एक सामायिक चौकट ठरवली. तिच्या दारात कर्जफेडीची फेररचना मागायला गेलेले देश कोणते? चाड, झांबिया, इथिओपिया आणि नंतर घाना. चारही आफ्रिकेतले. म्हणजे ज्यांच्या कर्जाचा निवाडा व्हायचा त्यांच्या खंडाची संघटना निवाडा करणाऱ्यांच्या पंगतीत नव्हती. कधी बोलावलं तर पाहुणी म्हणून, आणि पाहुण्याने पानात पडेल ते खावं. २०२३ च्या त्या मिठीने कर्ज एका पैशाने कमी झालं नाही, मान्य. पण वाढपी आपल्याला वगळून पुढे गेला तर हाक मारायचा हक्क मिळाला. पंगतीत बसलेल्याला हा हक्क क्षुल्लक वाटतो. उंबऱ्याबाहेर उभं राहिलेल्याला विचारा.

आणि बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे तिमोरइतकं कुणाला ठाऊक असणार? हा देश गोव्याचा जुना सोबती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिमोरचा कारभार कागदोपत्री गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेच्या हाताखाली चालायचा. १८४४ मध्ये मकाव आणि तिमोर गोव्यापासून वेगळे काढले गेले. गोवा १९६१ मध्ये सुटला. तिमोरने २८ नोव्हेंबर १९७५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि जेमतेम नऊ दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. पुढची २४ वर्षं रक्त, उपासमार आणि जंगल. गुस्माओ त्या जंगलातले बंडखोर सेनानी. १९९२ मध्ये पकडले गेले आणि जकार्ताच्या तुरुंगात सडत पडले. ऑगस्ट १९९९ मध्ये सार्वमत झालं, ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, आणि २० मे २००२ ला देश उभा राहिला. २०११ च्या मार्चमध्ये त्याने आसियानकडे अर्ज दिला. अर्ज मंजूर व्हायला १४ वर्षं लागली.

ज्या आसियानने त्यांना क्वालालंपूरला टाळ्या वाजवल्या तिचा एक संस्थापक देश इंडोनेशियाच. त्यांचे आजचे अध्यक्ष प्राबोवो सुबियांतो एके काळी त्याच तिमोरमध्ये कामगिरीवर असलेल्या फौजेचे अधिकारी होते. दोघे एका व्यासपीठावर. एकाच्या सैन्याने दुसऱ्याला तुरुंगात टाकलेलं, आणि आता दोघांचे झेंडे एका रांगेत. या क्षणाला साक्षीदार नकोत? हे काम एखाद्या कारकुनाने जावक क्रमांक टाकून टपालाने पाठवायचं होतं का?

समारंभाचं खरं काम हेच आहे, साक्षीदार गोळा करणं. आपल्याकडे लग्नात अक्षता टाकायला माणसं बोलावतात ती फक्त जेवायला नव्हे. उद्या भांडण झालं तर "आम्ही होतो तिथे" असं म्हणणारी माणसं लागतात. आणि साक्षीदारांची गरज दुबळ्याला जास्त असते. बलाढ्य देशाला ओळखपत्र लागत नाही. चीनला किंवा अमेरिकेला कुठल्या खोलीत कुणी खुर्ची ओढून दिली नाही तरी ते बसतातच, किंवा खोलीच आपल्या घरी हलवतात. तिमोरसारख्या चौदा लाखांच्या देशाला मात्र आपण खरंच आत आहोत हे सगळ्यांदेखत एकदा ठरून जावं लागतं. ३५० वर्षांपूर्वी रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता, तो सोहळा बघायला म्हणून डोंगर चढला नव्हता. त्याच्या बासनात तहाची कलमं होती. शिवाजी महाराजांची सत्ता ६ जून १६७४ च्या आधीही होतीच, गड होते, फौज होती. पण दरबारी भाषेत जो अजून 'बंडखोर' होता त्याच्याशी राजा म्हणून तह करायचा तर कधीतरी सगळ्यांसमोर राजा व्हावं लागतं. तेव्हाही खर्चावर बोलणारे असतीलच.

इथे माझा जाणकार वाचक लीग ऑफ नेशन्स, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची जिनिव्हातली राष्ट्रांची संघटना, काढेल, आणि काढावंच. कारण माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप तोच आहे. सप्टेंबर १९२६ मध्ये जर्मनी लीगमध्ये आला तेव्हा जिनिव्हात जो उमाळा दाटला होता त्याच्यापुढे आपले आजचे सोहळे फिके पडावेत. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियां यांनी बंदुका-तोफांना निरोप देणारं भाषण केलं, जर्मनीचे परराष्ट्रमंत्री स्ट्रेझमान भारावले, दोघांना त्या वर्षीचं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. सातच वर्षांत, ऑक्टोबर १९३३ मध्ये, हिटलरने लीगला रामराम ठोकला. मग काय उपयोग झाला त्या टाळ्यांचा?

याहून बोचरं उदाहरण इथिओपियाचं. २८ सप्टेंबर १९२३ ला इथिओपिया लीगचा सदस्य झाला. तिथल्या गुलामगिरीचं कारण पुढे करून बरेच जण नाकं मुरडत होते. पाठिंबा देणाऱ्यांत इटली होता. बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, त्याच इटलीने इथिओपियावर हल्ला केला, विषारी वायू वापरला. लीगने निर्बंध घातले पण तेल त्यातून वगळलं, म्हणजे रणगाड्यांना जे हवं तेच तेवढं मोकळं. राजधानी पडली. हे सगळं धडधडीत खरं आहे आणि समारंभाची बाजू घेणाऱ्याने ते गिळूनच पुढे बोलायला हवं. सदस्यत्वाने इथिओपियाला वाचवलं नाही.

पण मग ३० जून १९३६ ला काय झालं ते पाहा. देश गमावलेला सम्राट हैले सेलासी जिनिव्हाच्या सभागृहात बोलायला उभा राहिला. इटालियन पत्रकारांनी गॅलरीतून शिट्ट्या मारून गोंधळ घातला, त्यांना हाकलावं लागलं. त्याने आपलं भाषण पूर्ण केलं. त्याला तिथे उभं राहू दिलं ते कुणाच्या दयेने? तो त्या संस्थेचा सदस्य होता म्हणून. त्याच सप्टेंबरमध्ये इथिओपियाच्या प्रतिनिधींना सभेत बसूच देऊ नये असा इटलीचा आग्रह होता. सभेने त्यांना बसू दिलं. फौज हरली होती, राजधानी गेली होती, तेवढी खुर्ची तेवढी उरली होती, आणि तीच काढून घेण्यासाठी विजेत्याला एवढा आटापिटा करावा लागला. रिकामी, निरुपयोगी गोष्ट हिसकावून घ्यायला कुणी इतका जीव टाकतो का? १९४१ मध्ये सम्राट परतला. १९६३ च्या मे महिन्यात ३२ देशांनी आफ्रिकी एकता संघटना स्थापन केली ती त्याच्याच अदिस अबाबात, आणि आज आफ्रिकन युनियनचं मुख्यालय तिथेच आहे. दिल्लीत असुमानींना जी खुर्ची मिळाली तिच्या टेबलाभोवती इटलीही बसलेला होता. मला हा योगायोग फार आवडतो, पण योगायोगावर मुद्दा उभा करत नाही. मुद्दा इतकाच, की जिनिव्हात खोटा पडला तो १९२३ चा प्रवेश नव्हता. खोटी पडली १९३५ ची हिंमत. साक्षीदार पळाले म्हणून लग्न झालंच नव्हतं असं होत नाही.

दुसरा आक्षेप साध्या व्यवहाराचा आहे. सोहळ्याशिवाय भागतं की! उत्तर मॅसिडोनिया २७ मार्च २०२० ला नाटोचा, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीचा, तिसावा सदस्य झाला, जग कुलूपबंद असताना. नेत्यांची गर्दी नाही, मेजवानी नाही. सदस्यत्व तसूभरही कमी ठरलं नाही. इराण शांघाय सहकार्य संघटनेत आला ४ जुलै २०२३ ला, भारताच्याच अध्यक्षतेखाली, आणि ती बैठक झाली दूरदृश्य प्रणालीवर. पडद्यावर चौकटी, चौकटीत चेहरे. म्हणजे त्याच वर्षी भारताने एका देशाला जुलैत पडद्यावरून आत घेतलं आणि एका खंडाला सप्टेंबरमध्ये मिठी मारून. दोन्ही दाखले पक्के.

तेव्हा हो, भागतं. पण उत्तर मॅसिडोनियाचं नीट पाहिलं तर तिथे खरा सोहळा आधीच होऊन गेला होता. २००८ मध्ये बुखारेस्टला ग्रीसने त्यांना दारातच अडवलं, कारण काय तर नाव. 'मॅसिडोनिया' हा आमचा प्रांत, ते नाव तुम्ही लावायचं नाही. दहा वर्षं तिढा. जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठच्या एका खेड्यात दोन्ही देशांच्या पंतप्रधानांसमोर करार झाला आणि देशाने स्वतःच्या नावाआधी 'उत्तर' लावून घेतलं. नाव बदललं! आपल्याकडे एखाद्या स्टेशनचं नाव बदलायचं तर काय होतं ते आठवावं, म्हणजे त्या लोकांनी काय गिळलं याचा अंदाज येईल. एवढं देऊन झाल्यावर ब्रसेल्समध्ये बँड वाजला काय, न वाजला काय. कागद भक्कम असेल तर मांडव लहान चालतो. उलटं चालत नाही, आणि सगळी गोम या उलट्यात आहे.

कारण सगळ्यांत घातक सोहळा तो, जो कागदाच्या आधी उरकला जातो. उत्तर मॅसिडोनियाला अडवलं त्याच बुखारेस्टच्या परिषदेत, एप्रिल २००८ मध्ये, नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील. कधी? तारीख नाही. कसे? सदस्यत्वाची तयारी करून घेणारा कार्यक्रमही दिला नाही, कारण जर्मनी आणि फ्रान्स राजी नव्हते. म्हणजे साखरपुडा जाहीर, मुहूर्त मात्र नाही, आणि तिकडे गावगुंडाला खबर पोचलेली. चार महिन्यांत, ऑगस्ट २००८ मध्ये, रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध झालं. पुढे युक्रेनचं काय झालं ते रोजच्या पेपरात आहे. रशियाचा दोष त्यामुळे कणभरही कमी होत नाही. पण ज्याला संरक्षण द्यायचं नाही त्याचं नाव व्यासपीठावरून पुकारणं हा निव्वळ बेजबाबदारपणा होता.

याच्या शेजारी फिनलंडला ठेवून बघा. रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सरहद्द असलेला हा देश दशकानुदशकं तटस्थ राहिला. मे २०२२ मध्ये अर्ज केला. एकेका सदस्य देशाची संसद मान्यता देत गेली, तुर्कस्तानने शेवटपर्यंत ताणलं. ४ एप्रिल २०२३ ला ब्रसेल्समध्ये जे झालं त्यात बघण्यासारखं म्हणाल तर दोन कागद. आधी तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या मान्यतेचा कागद अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या हाती दिला, कारण १९४९ च्या नाटो कराराची दप्तरदारी अमेरिकेकडे आहे. मग फिनलंडच्या मंत्र्यांनी आपला कागद दिला. दुसरा कागद हातात पडला त्या क्षणी फिनलंड सदस्य. झेंडा त्यानंतर बाहेर, इस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या मधोमध, इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने. मानाची जागा नाही, कोपऱ्याची नाही, जी वर्णानुक्रमाने आली ती. मला या रुक्षपणातच सगळी शान दिसते. इथे सोहळा म्हणजे कागद पोचल्याची पावती, आणि ती जाहीर वाचून दाखवलेली.

ब्रिक्सची, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्या गटाची, गंमत आठवते? ऑगस्ट २०२३, जोहान्सबर्ग. सहा देशांना मोठ्या थाटात आमंत्रण: अर्जेंटिना, इजिप्त, इथिओपिया, इराण, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती. १ जानेवारी २०२४ पासून सदस्य. डिसेंबरमध्ये अर्जेंटिनात मिलेई सत्तेवर आले आणि त्यांनी नको म्हणून कळवलं. सौदी अरेबिया आत की बाहेर, हे नंतरही बराच काळ धड ठरेना. बोलावलं तर जायचं, सदस्य आहात का विचारलं की हसायचं. नवऱ्या मुलाला न विचारता पत्रिका छापली की असं होतं.

आणि आपल्याच अंगणातलं सार्क, दक्षिण आशियाई देशांची संघटना. एप्रिल २००७ मध्ये दिल्लीच्या चौदाव्या शिखर परिषदेत अफगाणिस्तानचं आठवा सदस्य म्हणून स्वागत झालं. हमीद करझाई आले होते, भाषणं झाली, दक्षिण आशियाचं कुटुंब पूर्ण झाल्याचा आनंद व्यक्त झाला. सार्कची शेवटची शिखर परिषद काठमांडूला झाली नोव्हेंबर २०१४ मध्ये. २०१६ ची इस्लामाबादची उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली, त्यानंतर एकही नाही. अफगाणिस्तानला मिळालेली खुर्ची अशा दालनात आहे ज्याचं कुलूप दहा वर्षांहून जास्त काळ उघडलेलं नाही. आपण यजमान होतो. जी-२० च्या खर्चावर दोन्ही बाजूंनी घसा फोडणाऱ्यांपैकी किती जणांनी या कुलपाबद्दल एक ओळ लिहिली?

म्हणूनच क्वालालंपूरचा तो दिवस मला इतका बोलका वाटतो. त्याच २६ ऑक्टोबरला, त्याच शहरात, आणखी एक सोहळा झाला. जुलैमध्ये पाच दिवस एकमेकांवर तोफा डागलेल्या थायलंड आणि कंबोडिया या दोन आसियान देशांनी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांच्या साक्षीने शांततेच्या समझोत्यावर सह्या केल्या. कॅमेरे साहजिकच तिकडे धावले. साक्षीदार म्हणाल तर जगातला सर्वांत वजनदार. नोव्हेंबरमध्ये थायलंडने तो समझोता स्थगित केला, डिसेंबरमध्ये सरहद्दीवर पुन्हा तोफा वाजल्या. आता कुणी म्हणेल, बघा, हेच तुमचं आसियान, घरातच डोकी फुटतायत आणि हे नव्या सुनेचं माप ओलांडून घेतायत. बरोबर. म्यानमार १९९७ पासून सदस्य आहे आणि तिथे काय चाललंय त्यावरही या कुटुंबाचा इलाज नाही. पण एका दिवसाच्या दोन सोहळ्यांत फरक कशाने पडला? एकामागे १४ वर्षं होती: पाहण्या, अटींची यादी, २०२२ मध्ये तत्त्वतः होकार, २०२३ मध्ये टप्प्यांचा आराखडा, वर्षाला शेकड्यांनी होणाऱ्या बैठकांना पुरतील इतके इंग्रजी जाणणारे अधिकारी तयार करण्याची धडपड. दुसऱ्यामागे होती जेमतेम तीन महिन्यांची घाई आणि एका पाहुण्याची सोय. आसियानच्या झेंड्यावर भाताच्या दहा काड्यांची पेंढी आहे. कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पेंढी बांधायला वेळ लागत नाही, भात पिकायला लागतो.

आयर्लंडने हे फार छान ओळखलं होतं. १ मे २००४ ला दहा देश एकदम युरोपियन युनियनमध्ये आले तेव्हा अध्यक्षपदाची पाळी आयर्लंडची होती आणि स्वागत डब्लिनमध्ये झालं. त्या दहांपैकी प्रत्येकाने त्याआधी युनियनचे सुमारे ८०,००० पानांचे नियम आपल्या कायद्यात उतरवायचं काम केलं होतं. आणि यजमान आयर्लंड स्वतः १९७३ मध्ये आलेला, गरीब म्हणून हिणवला गेलेला. चार दिवस सुनेचे भोगलेली सासू दारात ओवाळायला उभी राहिली की त्या ओवाळण्याला वेगळं वजन येतं.

मग जी-२० चं काय? तिथे तर कागदच नाही. करार नाही, सनद नाही, कायमचं सचिवालय नाही. दिल्लीचा ठोकलेला हातोडा आणि जाहीरनाम्यातलं एक कलम, एवढाच आफ्रिकन युनियनच्या खुर्चीचा सात-बारा. अशा ठिकाणी सोहळा हाच दस्तऐवज असतो, आणि तिथेच त्याचं सगळं बळ आणि सगळी भीती आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जी-२० पहिल्यांदा आफ्रिकेच्या भूमीवर भरली, जोहान्सबर्गला. अमेरिकेने बहिष्कार घातला. पुढचं अध्यक्षपद अमेरिकेचंच, तेव्हा शेवटी सूत्रं घ्यायला दूतावासातला अधिकारी पाठवतो म्हणाले. दक्षिण आफ्रिकेने कळवलं, आमचे राष्ट्राध्यक्ष दूतावासातल्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती सूत्रं देणार नाहीत. रामाफोसांनी हातोडा टेबलावर आपटला आणि परिषद संपल्याचं जाहीर केलं. घ्यायला समोर कुणी नव्हतं. दोन-तीन दिवसांनी परराष्ट्र खात्याच्या कचेरीत, अधिकाऱ्याने अधिकाऱ्याकडे, ते हस्तांतर उरकलं गेलं. आणि ट्रम्प यांनी जाहीर केलं, की २०२६ च्या मायामीच्या परिषदेचं बोलावणं दक्षिण आफ्रिकेला जाणार नाही. कारणं दोन-तीन सांगितली, त्यातलं एक हेच: आमच्या माणसाच्या हाती सूत्रं दिली नाहीत.

नुसता दिखावा असता तर हे मानपान कशाला झाले असते? जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता लग्नातल्या विहिणीसारखी रुसली, ती एका हातोड्यावरून. आणि ज्या देशाची खुर्ची काढायची भाषा झाली तो कुणी नवखा नव्हता, १९९९ पासूनचा सदस्य होता. आफ्रिकन युनियनची खुर्ची अजून शाबूत आहे. पण दिल्लीत ती ओढून देणाऱ्या आपण, आपल्याच साक्षीने दिलेल्या त्या जागेच्या शेजारची जागा रिकामी केली जात असताना तोंड उघडणार की नाही, यावर आमच्या गटात अजून एकही संदेश पडलेला नाही. तिथे सध्या मायामीच्या हॉटेलच्या भाड्यावर चर्चा चालू आहे.